उभ्याने लिहिण्याचे मेज: काही विचार

मराठी भाषेने विचाराला बसवून ठेवले आहे. लेखकाची 'वैचारिक बैठक' आपण शोधतो, मुलाला 'अभ्यासाला बस' म्हणतो आणि ज्याच्याने एका जागी टिकवत नाही त्याला 'बैठक नाही' असा शेरा मारतो. याउलट 'उभ्या उभ्या' झालेली भेट ही जेमतेम भेट, आणि उभ्या उभ्या चाळलेले पुस्तक न वाचल्यातच जमा. शाळेत उभे करणे ही शिक्षा होती. 'भूमिका' या शब्दात तेवढी पायांखालची जमीन शिल्लक आहे. पण भूमिकाही आपण बहुधा खुर्चीत बसूनच घेतो. अशा भाषेचे अध्यापन करणाऱ्या आम्हा दोघांनी घरात उभ्याने लिहिण्यावाचण्याचे मेज करून घ्यावे, हे आमच्या सहकाऱ्यांना काहीसे चमत्कारिक वाटले. त्यांनी विचारलेले प्रश्न दोन: उभे राहून नेमके काय साधते, आणि कोणते घेतले? पहिल्याचे उत्तर लोकांना वाटते त्याहून पुष्कळ लहान आहे. दुसऱ्याचे उत्तर लांबते, कारण विक्रेते मेजाविषयी जे जे सांगतात त्यात मेज हलते की नाही, ही एकच गोष्ट सहसा नसते. आणि आमच्या मते विचारण्याजोगी गोष्ट ती एकच आहे.

आरोग्याचा मुद्दा आधी निकालात काढू. 'बसणे हेच नवे धूम्रपान' ही घोषणा जाहिरातींतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून इतकी फिरली आहे की, उभे राहणे हेच जणू औषध होऊन बसले. या विचाराचे मूळ ज्या संशोधनापर्यंत नेले जाते ते जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची त्यांनी तुलना केली, आणि दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. मात्र तो वाहक नुसता उभा नव्हता. तो दिवसभर जिना चढत-उतरत होता. चालण्याचे श्रेय उभे राहण्याच्या खात्यावर जमा करणे हा पुढच्या जाहिरातदारांचा पराक्रम. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणानुसार, बसण्याऐवजी उभे राहिल्याने मिनिटाला सरासरी ०.१५ किलोकॅलरी अधिक खर्च होतात; सहा तास उभे राहिले तर ५४. म्हणजे अर्ध्या पोळीच्या आसपास. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली ब्रिटनमधील ८३ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून जे मांडले ते तर अधिक स्पष्ट आहे: नुसते अधिक वेळ उभे राहिल्याने हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका कमी होत नाही, आणि दिवसाला दोन तासांपलीकडे उभे राहणे वाढत गेले की पायांच्या शिरा फुगण्यासारख्या रक्ताभिसरणाच्या तक्रारी वाढतात. वर्गात रोज चार-चार तासिका उभ्याने घेणाऱ्या शिक्षकांना हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नव्हती. आमच्या शिक्षककक्षात पायांवर ताणपट्टे बांधून येणारे दोन सहकारी आहेत.

मग आम्ही हे मेज का केले? कारण पूर्णपणे घरगुती आहे. आमच्यापैकी एकीच्या कंबरेच्या मणक्यांमधील चकती सरकल्याचे निदान झाले आणि सलग अर्ध्या तासाहून अधिक बसू नये, असे डॉक्टरांनी सांगितले. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत हा सल्ला पाळणे म्हणजे काय, हे या व्यवसायातल्यांना वेगळे सांगायला नको. दिवसाला चाळीस उत्तरपत्रिका, प्रत्येकीला बारा-पंधरा मिनिटे. पूर्वी निदान गठ्ठा सोडायला, बांधायला, कपाटात ठेवायला उठावे लागे. पडद्यावर तपासणी होऊ लागल्यापासून तेही गेले. बसणे नको आणि काम तर टळत नाही, अशा पेचात उभ्याने करण्याची सोय एवढाच मार्ग उरतो. आयुष्य वाढेल, वजन उतरेल, प्रतिभा जागी होईल, असे काही आमच्या मनात नव्हते.

डॉक्टरांच्या त्याच भेटीत आणखी एक प्रश्न निघाला होता: दिवसातून उभ्या किती वेळ असता? तासिका मोजून सांगितल्या गेल्या. त्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आणि ओट्यापुढे?" ही बेरीज सहसा कोणी करत नाही. आपल्याकडे स्वयंपाक एकेकाळी जमिनीवर बसून, चुलीपुढे पाटावर होत असे. विसाव्या शतकात शहरी घरांतून ओटा आला आणि बाई उभी राहिली. विळी जाऊन सुरी आली, पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार तासांचे उभे काम हे घराघरांतले सामान्य वास्तव झाले. त्याला कोणी 'आरोग्यदायी जीवनशैली' म्हटले नाही. खरे पाहता, मराठी घरातले सर्वांत स्थिर उभे मेज स्वयंपाकघरातच आहे: विटांच्या किंवा कडाप्प्याच्या उभ्या आधारांवर बसवलेला, मागून भिंतीत रुतलेला, कणीक तिंबताना तसूभरही न हलणारा. घरात उभ्याने काम कसे करावे याचे ज्ञान आधीपासूनच होते. ते ज्यांच्याकडे होते त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती, इतकेच.

येथे थोडे विषयांतर करणे आम्हाला आवश्यक वाटते. बसणे हा आपल्या समाजात अधिकाराचा भाग राहिला आहे. गादी, आसन, पीठ, सदर हे सारे शब्द आधी बसण्याच्या जागेचे आणि मग सत्तेचे. ज्याने सेवा करायची तो उभा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमात, उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रश्न कायद्याला ठाऊक होता. तरीही कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांतून दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांना तो हक्क मिळायला फार काळ लागला. कोळिकोड येथील अशा स्त्रियांनी 'पेण्कूट्ट' या संघटनेमार्फत बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली केरळने दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. तमिळनाडूने २०२१ साली तेच केले. ज्या काळात या स्त्रिया स्टुलासाठी भांडत होत्या, त्याच काळात खुर्चीत बसून काम करणारा वर्ग उभे राहण्याच्या उपकरणासाठी वीस-पंचवीस हजार रुपये मोजू लागला होता. यात विसंगती आहे, पण दांभिकता आहेच असे नाही. दोघांनाही हवी आहे ती एकच गोष्ट: आपल्या शरीराची स्थिती आपल्याला बदलता यावी. दोन्हीकडे त्रास होतो तो सक्तीचा. म्हणूनच खुर्ची काढून टाकून उभे मेज घेणाऱ्यांचा उत्साह आम्हाला समजत नाही. आमच्या मेजापासून दोन हातांवर खुर्ची आहे आणि ती राहणार आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या विषयात रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. उभ्याने लिहिणाऱ्या लेखकांची यादी मोठी असून ती अशा मेजांच्या जाहिरातींतून हमखास झळकते. हेमिंग्वे हवानाजवळच्या आपल्या घरी उभ्याने लिहीत असे, हे १९५८ च्या 'पॅरिस रिव्ह्यू'मधील जॉर्ज प्लिम्प्टन यांच्या प्रसिद्ध मुलाखतीमुळे सर्वतोमुखी झाले. परंतु त्याच मुलाखतीच्या प्रास्ताविकात त्याच्या 'मेजा'चे जे वर्णन आहे ते जाहिरातदार सांगत नाहीत: ते मेज नव्हतेच, पुस्तकांच्या कपाटाचा माथा होता. भिंतीला टेकलेले, पुस्तकांनी भरलेले, जड कपाट. व्हर्जिनिया वुल्फ तरुणपणी सुमारे साडेतीन फूट उंचीच्या, उतरत्या पृष्ठभागाच्या मेजापाशी उभ्याने लिहीत असे. बहीण व्हनेसा चित्रफलकापुढे उभी राहून काम करते, मग आपले काम तिच्यापेक्षा आरामाचे दिसू नये, अशी त्यामागे ईर्ष्या असल्याचे तिचा भाचा व चरित्रकार क्वेंटिन बेल सांगतो. ते मेज पुढे बेल कुटुंबाकडे आले, तेव्हा त्याचे पाय कापून ते बसण्याजोगे करण्यात आले. आज ते अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संग्रहात आहे. साहित्याच्या इतिहासात उभ्या मेजाचे इतके समर्पक चरित्र दुसरे नसेल. नाबोकोव्हची पद्धत मात्र आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते. दिवसाची सुरुवात तो उभ्याने, जुन्या पद्धतीच्या व्यासपीठापाशी करी. पोटऱ्या तक्रार करू लागल्या की आरामखुर्चीत बसे. आणि अखेरीस पाठही थकली की कोचावर आडवा होई. लेखन पत्त्यांसारख्या कार्डांवर असल्याने ते त्याच्यासोबत फिरत असे.

या सर्वांच्या मेजांत एक साम्य आहे: त्यांतले एकही वर-खाली होत नव्हते. आपल्या परंपरेतही वाचन-कथनाच्या दोन रीती स्वतंत्र आहेत. पुराणिक व प्रवचनकार बसून बोलतात आणि पोथी त्यांच्यापुढे छोट्या लाकडी आसनावर स्थिर असते; नारदीय कीर्तनकार उभा असतो आणि त्याच्या हाती चिपळ्या असतात, पोथी नसते. उभ्याने हातातली पोथी वाचायची म्हटले की पोथी हलते आणि डोळा ओळीवरून घसरतो, ही अडचण त्या व्यवस्थेने आधीच टाळली होती, असे म्हणायला जागा आहे.

आता मेजाकडे वळू. बाजारात आज ज्याला स्टँडिंग डेस्क म्हणतात ते म्हणजे दोन पोलादी खांब, त्यांत विजेची मोटर, खाली दोन आडवे पाय आणि वर फळी. कळ दाबली की खांब दुर्बिणीच्या नळीसारखा उलगडत वर जातो. त्याची जाहिरात तीन आकड्यांवर होते: किती वजन पेलते, किती वेगाने उठते, आणि मोटरी एक की दोन. यांतला एकही आकडा स्थैर्याविषयी काही सांगत नाही. शंभर किलो वजन सरळ खाली पेलणे वेगळे, आणि मनगटाच्या एका आडव्या धक्क्याला दाद न देणे वेगळे. पहिले जवळपास सर्वांनाच जमते.

उंची वाढली की डुलणे वाढते, हे कोणालाही दिसते. पण किती वाढते याची कल्पना सहसा नसते. खाली घट्ट रोवलेल्या एकसारख्या खांबाला वरच्या टोकाशी आडवा रेटा दिला, तर टोक किती सरकेल हे उंचीच्या घनावर अवलंबून असते. बसण्याचे मेज ७५ सेंटिमीटरचे आणि उभ्याचे ११० चे धरले, तर उंची दीडपटीहून किंचित कमी वाढते आणि सरकणे तिपटीहून अधिक. हे झाले अखंड खांबाचे. नळीत नळी घातलेल्या खांबाची स्थिती याहून बिकट असते, कारण वर जाताना दोन नळ्यांचा एकमेकींत रुतलेला भाग कमी होत जातो आणि सांध्यातली बारीकशी फट मोठी हालचाल होऊन वर पोचते. म्हणून दुकानात बसण्याच्या उंचीला ठेवलेले मेज हलवून पाहणे निरर्थक आहे. ते उभ्याच्या उंचीला नेऊन पाहायला हवे, आणि तेही स्वतःच्या. एका दुकानात आम्ही तशी विनंती केली तेव्हा विक्रेत्याने, "एवढ्या उंचीला कोणी वापरतच नाही हो," असे मोठ्या मायेने सांगितले होते.

डुलण्याच्याही दोन दिशा आहेत. डावी-उजवीकडचे डुलणे हे दोन पाय आणि फळी यांचा चौकोन तिरका होण्यामुळे येते. त्याला पायांमधली आडवी पट्टी, किंवा त्याहून चांगली म्हणजे कर्णावरची तिरपी पट्टी, आवर घालते. छपराची कैची ज्या तत्त्वावर उभी असते तेच हे तत्त्व: त्रिकोण आपला आकार सोडत नाही. समोरून मागे होणारे डुलणे अधिक त्रासदायक, कारण लिहिणाऱ्याचा रेटा त्याच दिशेने असतो. त्याला खालचे आडवे पाय लांब आणि जाड असणे हाच उपाय. नेमका या पायांत काटकसर केलेली असते.

पारखण्यासाठी आमची पद्धत सोपी आहे. मेज आपल्या उंचीला आणावे, त्यावर काठोकाठ भरलेले फुलपात्र ठेवावे, शेजारी कागद ठेवून पेन्सिलीने चार ओळी लिहाव्यात आणि त्या खोडरबराने खोडाव्यात. लिहिताना पाण्यावर बारीक तरंग उठतील; ते चालतील. खोडताना पाणी सांडले तर ते मेज लिहिण्याचे नव्हे. संगणकावर टंकन करणाऱ्याला थोडे डुलणे सोसते, कारण अक्षर यंत्र काढते. हाताने लिहिणाऱ्याचे अक्षर मात्र मेज काढते. लाल शाईने समासात शेरा लिहिताना ओळ थरथरली, तर विद्यार्थ्याला ती परीक्षकाच्या रागाची खूण वाटते, ही गंमत निराळी.

पंधरा-वीस हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतची ही मेजे पाहून आम्ही त्यांच्या वाटेला गेलो नाही. ज्या घरात एकच मेज बसण्यासाठीही वापरायचे आहे आणि उभ्यासाठीही, तेथे ती उपयोगी आहेत; तीन नळ्यांच्या खांबांची, लांब पायांची आणि खाली आडवी पट्टी असलेली काही पुरेशी घट्टही असतात. आमच्याकडे बसण्याचे मेज आधीच होते. आम्हाला हवे होते ते न हलणारे, आणि न हलण्यासाठी सर्वांत स्वस्त गोष्ट घरात उपलब्ध होती: भिंत.

उंचीचा निर्णय आधी झाला. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, हात कोपरात काटकोनात दुमडून जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजायचे. अनवाणी हे महत्त्वाचे, कारण आपण घरात चपला घालत नाही आणि बहुतेक परदेशी तक्ते बूट गृहीत धरतात. आमच्यापैकी एकाची उंची पाच फूट नऊ इंच, दुसरीची पाच फूट एक. कोपरे भरली अनुक्रमे ११० आणि ९८ सेंटिमीटर. संगणकाची कळफळी कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. हाताने लिहायचे तर फळी कोपराहून चार-पाच सेंटिमीटर वर बरी, नाहीतर मान वाकते. म्हणजे दोन माणसे आणि दोन कामे मिळून चार उंच्या झाल्या, आणि मेज एक. उंचाच्या मापाने मेज करावे आणि ठेंगणीने पायांखाली पाट घ्यावा, ही सूचना पहिल्यांदा आली ती घराबाहेरून. ती आम्ही नाकारली. विटेवर निश्चिंत उभे राहणे पंढरीच्या विठ्ठलाला साधते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घ्यायला मागे वळणाऱ्याचा पाय पाटावरून चुकतो, आणि ज्या कंबरेसाठी हे सारे करायचे तीच जायची. म्हणून मेज ९८ सेंटिमीटरचे झाले, आणि उंचाने वर काही ठेवून घ्यायचे असे ठरले.

ते 'काही' आमच्या माळ्यावर होते. पूर्वी दुकानातल्या गादीवर आणि घरातल्या ओसरीवर असे, तसले उतरत्या झाकणाचे बसके डेस्क. मांडी घालून लिहिण्यासाठी केलेले, आत टाक-दौतीची जागा असलेले. त्याचे झाकण पुढच्या बाजूला बसक्या चौरंगाएवढे आणि मागे वीतभर उंच आहे. ते नव्या मेजावर ठेवल्यावर उंचाच्या हाताखाली नेमके बसले, आणि उतारामुळे वाचताना मान वाकत नाही हा वरचा लाभ. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हाच उपाय सुचवू. साधे ७५ सेंटिमीटरचे जड टेबल, त्यावर असे जुने डेस्क किंवा पालथे घातलेले मजबूत लाकडी खोके, आणि टेबल भिंतीला घट्ट सरकवलेले. जुन्या सामानाच्या बाजारात अशी डेस्के अजून दिसतात; मात्र बिजागरी आणि वाळवी पाहून घ्यावी.

मेज आमच्या नेहमीच्या सुतारांनी दोन दिवसांत केले. फळी १९ मिलिमीटरच्या दोन प्लाय एकमेकांवर चिकटवून, १२० सेंटिमीटर लांब आणि ५५ रुंद. पुढे सागाचे दोन पाय, मागची कड भिंतीवर आडव्या बसवलेल्या सागाच्या पट्टीवर टेकलेली. ती पट्टी भिंतीत भोके पाडून पाच ठिकाणी स्क्रूने आवळली आहे. त्यांत सुतारांचे एक बोलणे लक्षात राहिले: गिलाव्यात धरलेला स्क्रू म्हणजे भाड्याचा माणूस, विटेत धरला पाहिजे. म्हणून स्क्रू लांब. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला की तो काही महिन्यांत ढिला होतो, त्यामुळे पायांचे सांधे आरपार बोल्ट आणि नट यांचे. डाव्या पायापासून मागच्या पट्टीपर्यंत एक तिरपा आधार. घर भाड्याचे असेल आणि भिंतीला भोके पाडता येत नसतील, तर मागे उंच पाठ असलेले जड मेज करून ते भिंतीला टेकवावे आणि मध्ये रबराची पट्टी घालावी. स्थैर्य थोडे कमी मिळेल, पण मिळेल.

फरशी सपाट नसते, हेही ध्यानात ठेवावे. आमची जुनी शहाबादी आहे. चार पायांचे मेज अशा जमिनीवर तीन पायांवर उभे राहते आणि चौथा अधांतरी असतो. तिवई मात्र कुठेही न डगमगता बसते, कारण तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात. भिंतीचा आधार असल्याने आमचे काम दोनच पायांवर भागले, आणि त्या दोन्हींच्या तळाशी फिरवून कमी-जास्त करता येणारे बूट आहेत. सुतारांनी पाणसळ ठेवून ते जुळवले. दोन महिन्यांनी लाकूड बसल्यावर पुन्हा एकदा पाणसळ लावून सारे बोल्ट आवळावे लागले. हे दुसऱ्यांदा आवळणे बहुतेकजण विसरतात आणि मग 'मेज आता हलायला लागले' असे म्हणतात.

बाकीचे थोडक्यात. पायांखाली चौघडी केलेली घोंगडी आम्हाला रबरी चटईइतकीच उपयोगी वाटते. एक पाय टेकायला वीतभराहून कमी उंचीचा ठोकळा असावा आणि पाय आलटून-पालटून त्यावर ठेवावा. पाठीचा ताण याने जितका हलका होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही. संगणक मांडीवरचा असेल तर कळफळी वेगळी घ्यावी आणि पडदा डोळ्यांपर्यंत उचलावा. आमचा पडदा मराठी विश्वकोशाच्या खंडांवर उभा आहे. अडचण एवढीच की, संदर्भ पाहायची वेळ आली की पडदा खाली येतो.

किती वेळ उभे राहावे? वीस ते तीस मिनिटे, मग बसावे, मग चालून यावे. उत्तरपत्रिकांच्या बाबतीत आमचे माप असे की, दोन उभ्याने आणि दोन बसून. कविता उभ्याने वाचायला बरी वाटते, मोठ्याने वाचायची असेल तर विशेषच. कादंबरीला बैठकच लागते. स्वतःचे लेखन आम्ही दोघेही अजून बसूनच करतो. हा मजकूरही त्याला अपवाद नाही, फक्त शेवटचे वाचन आणि काटछाट उभ्याने केली. उभ्याने वाचताना आपलीच वाक्ये लांब वाटू लागतात आणि पेन लवकर चालते, असा आमचा अनुभव आहे.

मोजपट्टी घरात फिरतच होती, म्हणून ओटाही मोजला. तो ८१ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे दोघांच्याही कोपरांच्या बराच खाली. आणि भांडी घासण्याच्या मोरीचा तळ त्याच्याही वीतभर खाली. कंबरेचे दुखणे केवळ उत्तरपत्रिकांनी आणलेले नाही, असे डॉक्टरांना का वाटले असावे, ते त्या आकड्यांवरून कळले. येत्या दिवाळीच्या सुट्टीत गवंडी येणार आहेत. कडाप्पा उचलून खाली विटांचा एक थर चढवायचा, म्हणजे ओटा ८९-९० पर्यंत जाईल, आणि मोरी त्याच्यासोबत. तोवर भांडी घासण्याचे काम पाच फूट नऊ इंचांकडे आहे, आणि त्यांनी मोरीत एक पालथे घमेले ठेवले आहे.